डग्गा घुमावा, पण गळा बुडू नये

हेडफोन घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बेस कसा आहे?’ विक्रेता लगेच एखादं दणदणीत गाणं लावून देतो. कानात धडधड होते, आपण खूश होतो आणि पैसे मोजतो. घरी येऊन त्याच हेडफोनवर किशोरी आमोणकरांचा भूप किंवा भीमसेन जोशींचा अभंग लावला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. तानपुरा मागे गेलेला असतो, डग्गा गाण्याच्या अंगावर आलेला असतो आणि गळा मधेच कुठेतरी झाकला जातो. ध्वनिमुद्रणात दोष नसतो, हेडफोनही बिघडलेला नसतो. त्याचं ट्यूनिंगच वेगळ्या संगीतासाठी केलेलं असतं.

प्रत्येक हेडफोनमध्ये खालचा, मधला आणि वरचा आवाज एकमेकांच्या तुलनेत किती मोठा ऐकू यावा हे बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. ते एकदा ओळखता आलं, की आपल्या ऐकण्याला काय मानवेल हे खोक्यावरच्या जाहिरातीवाचूनही कळतं. त्यासाठी प्रश्न थोडा बदलावा लागतो. बेस किती आहे हे विचारण्याआधी तो नेमका कुठे आहे ते विचारावं.

बेस म्हणजे नक्की कुठला आवाज?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यातला २० ते ६० हर्ट्झचा तळाचा भाग म्हणजे सब-बेस. हा ऐकू येण्यापेक्षा जाणवतोच जास्त. त्यावर साधारण २५० हर्ट्झपर्यंत बेस, आणि त्यातही वरचा अर्धा भाग म्हणजे मिड-बेस. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झवर बोलते, बेस गिटारची जाड तार ४१ वर आणि साध्या गिटारची जाड तार ८२ वर.

आता आपल्या गाण्याकडे या. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातात. त्यांचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ असतो, मंद्र पंचम १०४ वर आणि तानपुऱ्याचा खर्ज ६९ वर. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज २०८ किंवा २३३ हर्ट्झला येतो. म्हणजे जाहिरातवाले ज्या भागाला बेस म्हणतात, त्याच भागात भीमसेनजींसारख्या गायकाचा षड्ज, गंधार आणि पंचम राहतो. हेडफोननं १०० ते २५० हर्ट्झचा भाग फुगवला की तो फुगवटा ढोलापुरता राहत नाही, थेट गवय्याच्या गळ्यावर येऊन बसतो. आवाज जाड, घोगरा आणि अस्पष्ट होतो. उलट ६० हर्ट्झच्या खालचा सब-बेस वाढवला, तर ख्यालगायनात फारसं काही बदलत नाही, कारण तिथे ऐकण्यासारखं जवळजवळ काही नसतंच.

म्हणूनच ‘बेस भरपूर आहे’ असं एकाच शब्दात ज्यांचं वर्णन होतं, असे दोन हेडफोन एकमेकांपेक्षा अगदी वेगळे निघू शकतात. एकात भर तळाशी असते, तो गाण्याला त्रास देत नाही. दुसऱ्यात ती १५० हर्ट्झच्या आसपास असते आणि तिथे सगळंच गढूळ होतं. स्वस्त हेडफोनमध्ये दुसरा प्रकार जास्त आढळतो, कारण खरा सब-बेस काढणं अवघड असतं आणि मिड-बेसचा फुगवटा पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘दमदार’ वाटतो.

यात आपल्या कानाचाही एक स्वभाव आड येतो. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. म्हणजे बेस वाढवला की बाकीचं सगळं जागच्या जागी राहून त्यात फक्त बेसची भर पडते असं होत नाही. गायकाचे शब्द, पेटीचे बारीक सूर, सारंगीचा गज, हे सगळं त्या बेसखाली थोडं थोडं दडपलं जातं.

तबला आणि तानपुरा: हेडफोनची खरी परीक्षा

आपल्या संगीतात बेसचा दर्जा तपासायला डग्ग्यासारखं दुसरं वाद्य नाही. पाश्चात्त्य ड्रमसेटमधला किक ड्रम एकाच जागी ‘धप’ करतो. डग्ग्यावर मात्र वादक मनगटाचा दाब बदलत स्वर खाली-वर नेतो, घिस्सा देतो, मींड काढतो. डग्गा साधारण शंभर हर्ट्झच्या आगेमागे फिरत असतो. हेडफोनमध्ये त्या भागात एकाच ठिकाणी उंचवटा असेल, तर तो फिरता स्वर त्या एका जागी आला की एकदम मोठा होतो आणि पुढे सरकला की पडतो. कानाला मग घुमाऱ्याऐवजी नुसता ठोका ऐकू येतो. झाकिर हुसेन यांचं एखादं स्वतंत्र तबलावादन लावा आणि फक्त डाव्या हाताकडे लक्ष द्या. ‘घें’ हा बोल वळत, ओघळत जाताना ऐकू आला तर बेस स्वच्छ आहे. प्रत्येक ‘घें’ सारखाच वाटला तर तो हेडफोन, कितीही महाग असला तरी, या संगीताच्या कामाचा नाही.

उजवा तबला वेगळंच काही तपासतो. साध्या चामड्याच्या वाद्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुरात नसतात. तबल्यात आणि मृदंगात मात्र शाईमुळे ते सुरात येतात. १९२० मध्ये सी. व्ही. रामन यांनी आपल्या सहकाऱ्यासह ‘नेचर’ नियतकालिकात हीच गोष्ट मांडली होती. चाटीवरचा ‘ता’ सुरेल आणि टोकदार का वाटतो, त्याचं उत्तर या उपस्वरांत आहे, आणि ते बेसच्या बरेच वर असतात. वरचा भाग बोथट असलेल्या हेडफोनवर ‘ता’ आणि ‘तिं’ यांतला फरक पुसट होत जातो.

तानपुऱ्याचं याहून नाजूक आहे. जवारीमुळे त्याच्या तारेतून उपस्वरांची रांगच निघते आणि त्यांचा जोर मूळ स्वरापेक्षाही अधिक असू शकतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर दोनशे हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच वाजत नाही, तरी तानपुऱ्याचा खर्ज आपल्याला ओळखता येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून खालचा स्वर मेंदू स्वतः जुळवून घेतो. यातून निघणारा निष्कर्ष बऱ्याच जणांना उलटा वाटेल: तानपुरा भरदार ऐकू यायला हवा असेल तर बेस वाढवू नका, १ ते ८ हजार हर्ट्झचा भाग नितळ असलेला हेडफोन घ्या.

शास्त्रीय गायन, सतार, सरोद, बासरी हेच मुख्य ऐकणं असेल, तर पाठीमागून उघडा, म्हणजे ओपन-बॅक हेडफोन मला सर्वांत योग्य वाटतो. सेनहायझरचा एचडी ६०० हे त्याचं जुनं उदाहरण आहे. १९९७ पासून तो बाजारात आहे आणि गळ्याच्या स्वाभाविकपणासाठी अजूनही ओळखला जातो. त्याचा बेस ५० हर्ट्झखाली उतरत जातो. डान्स म्युझिक ऐकणाऱ्याला तो उणा वाटतो, ख्याल ऐकणाऱ्याचं मात्र त्यात काही जात नाही. दोन अडचणी आहेत. तो ३०० ओहमचा असल्यानं थेट फोनवर पुरेसा वाजेलच असं नाही, आणि उघडा असल्यानं शेजारी बसलेल्यालाही तुमचा मारवा ऐकू जातो. घरात, शांत खोलीत ऐकणाऱ्यांसाठीच तो आहे.

अभंग, नाट्यगीत आणि टाळांचा प्रश्न

बाजारातल्या बहुतेक लोकप्रिय हेडफोनांचं ट्यूनिंग इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचं असतं. बेस वर, ट्रेबल वर आणि मधला भाग खाली. अभंगाला याच्याइतकं न मानवणारं ट्यूनिंग दुसरं नसेल. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते, त्यामुळे त्याचा नाद आधीच खोल असतो, तो आणखी फुगतो. टाळांची किणकिण साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर असते, ती टोचायला लागते. आणि ज्याच्यासाठी अभंग ऐकायचा तो गायक नेमका दाबलेल्या भागात सापडतो.

अशा हेडफोनवर लोक शब्द नीट कळावेत म्हणून आवाज वाढवतात, त्यानं टाळ आणखी टोचतात. त्याऐवजी इक्वलायझरमध्ये, म्हणजे आवाजाचा प्रत्येक भाग वेगळा कमी-जास्त करणाऱ्या सोयीत, ८ हजारची पट्टी दोन-तीन डेसिबलनं खाली घ्या, १२५ आणि २५० ची प्रत्येकी दोननं खाली घ्या आणि मग आवाज थोडा वाढवा. गायक पुढे येतो. नाट्यगीतांनाही हेच लागू पडतं. तिथे ऑर्गनचा भरणा मध्यसप्तकात असतो आणि मिड-बेस फुगला की ऑर्गन व गळा एकमेकांत मिसळून जातात.

जुन्या तबकड्या

गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुईनं खाच पाडायची. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, तोपर्यंत जगभर हीच रीत होती. अशा तबकडीवर बेस उमटलेलाच नसतो आणि अगदी वरचे स्वरही नसतात. तिथे हेडफोनचा बेस वाढवला तर गाणं भरदार होत नाही, तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी मोठी होते. उलट १०० हर्ट्झखालचं कापून टाका, सहा-सात हजारांच्या वरचं थोडं उतरवा. खरखर मागे जाते आणि गळा मोकळा होतो. या तबकड्या एकाच वाहिनीच्या, मोनो असतात, त्यामुळे आवाज डोक्याच्या मध्यभागी ऐकू येणं स्वाभाविक आहे. फोनमधलं ‘सराउंड’, ‘थ्रीडी’ असलं काही चालू असेल तर ते आधी बंद करा.

पन्नास-साठच्या दशकांतली हिंदी-मराठी चित्रपटगीतं मात्र निराळी वागणूक मागतात. त्यांचा मधला भाग सुंदर, पण खालचा सडपातळ असतो, आणि वरचे स्वर कधी कधी कर्कश. इथे थोडा उबदार, मिड-बेसकडे किंचित झुकलेला हेडफोन चांगला लागतो. १२५ ला दोन डेसिबलची भर घातली की ढोलक आणि बास यांना अंग येतं. उंच पट्टीतल्या स्त्रीगळ्याचे उपस्वर तीन-चार हजार हर्ट्झला जोरकस असतात आणि आपला कानही त्याच भागात सर्वांत संवेदनशील असतो. म्हणून तिथे उंचवटा असलेला ‘चमकदार’ हेडफोन लताबाईंच्या तार सप्तकातल्या स्वरांवर फार लवकर थकवतो.

लावणी, ढोल-ताशा, ‘सैराट’

ढोलकीत बेस शोधू नका. तिची जान थापेच्या टोकात आहे आणि हे टोक दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान असतं. हलगीचंही तसंच. लावणी नीट ऐकायची तर वरचा मधला भाग स्पष्ट हवा. बेस मध्यम असला तरी चालतो.

ढोल-ताशाचं दुखणं वेगळं आहे. पथकासमोर उभं राहिल्यावर ढोल छातीत वाजतो. हेडफोन फक्त कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो, छातीला तो हलवूच शकत नाही. ती उणीव भरून काढायला पुष्कळ जण बेस आठ-दहा डेसिबलनं चढवतात. छाती तर हलतच नाही, ताशा मात्र दबून जातो. इथे भर घालायची तर ६० हर्ट्झच्या आसपास आणि चार-पाच डेसिबलच्या आत.

अजय-अतुल यांचं २०१६ चं ‘सैराट’ हे हेडफोन पारखायला उत्तम साधन आहे, कारण एकाच संग्रहात दोन टोकं आहेत. त्याच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. व्हायोलिनांचे थर, खाली डबल बासची जमीन, आणि दुसरीकडे ‘झिंगाट’चा ठेका. ‘झिंगाट’वर मजा आणणारा हेडफोन ‘याड लागलं’मधली तंतुवाद्यं एकमेकांत चिकटवत असेल, तर त्याचा मिड-बेस जास्त आहे हे समजून घ्या. दोन्ही गाणी ज्यावर खुलतात तो हेडफोन घरातल्या सगळ्यांना पुरतो.

जिथे बेस हवाच

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक आणि हिप-हॉप यांना बेस लागतो आणि तो मनापासून द्यावा. १९८० मध्ये आलेल्या रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ताल-यंत्राच्या लांब, खोल किकवर हिप-हॉपचा मोठा भाग उभा आहे. तो किक ५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो ऐकूच आला नाही तर गाण्याचा पायाच गेला. यासाठी बंद कपांचा हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारा इअरफोन घ्या आणि ६० हर्ट्झखाली पाच-सहा डेसिबलची भर द्या. २५० ला भर नको, एखादा डेसिबल कमीच करा, म्हणजे रॅपचे शब्द सुटे राहतात. मराठी रॅप ऐकणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

रॉक आणि मेटल ऐकणारे पुष्कळदा बेसवाला हेडफोन घेतात आणि फसतात. या संगीताचा प्राण गिटारमध्ये असतो आणि गिटार मधल्या भागात राहते. मेटलमध्ये दोन पायांनी वाजवलेला किक ड्रम इतका जलद असतो, की बेस रेंगाळला तर सगळे ठोके एकत्र येऊन गुरगुर तेवढी उरते. इथे बेस आटोपशीर आणि चटकन थांबणारा हवा. जॅझमध्ये डबल बासची तार ओढल्याचा स्पर्शही ऐकू यायला हवा, म्हणून तळापर्यंत सपाट जाणारा बेस चांगला. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मंद आणि मोठ्या आवाजात फार अंतर असतं, त्याला शांत खोली आणि उघडा हेडफोनच न्याय देतो.

‘सपाट’ म्हणजे काय?

मोजमापात सरळ रेघ काढणारा हेडफोन कानाला सपाट लागत नाही. बाह्यकर्ण आणि कानाची नळी मिळून ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज नैसर्गिकरीत्याच मोठा करतात. हेडफोन ही वाट काही अंशी टाळतो, म्हणून ती वाढ त्यातच घालावी लागते. खोलीत स्पीकर ऐकताना भिंतींमुळे बेसही थोडा वाढतो, आणि त्याचीही आपल्याला सवय असते.

हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून यावर श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखं ऐकू येणारं ट्यूनिंग बहुसंख्यांना आवडलं. त्यात साधारण १०० हर्ट्झखाली काही डेसिबलची चढण आहे. बाकीच्यांतल्या काहींना याहून जास्त बेस हवा होता, काहींना कमी. आज ‘हर्मन टार्गेट’ म्हणून जे सांगितलं जातं ते हेच. मूनड्रॉप, ट्रूथिअर, सेव्हनहर्ट्झ या कंपन्यांचे दोन-अडीच हजारांच्या आसपासचे वायरवाले इअरफोन या ट्यूनिंगच्या बरेच जवळ असतात, आणि थोड्या पैशांत सगळं काही ऐकणाऱ्यांना मी आधी तेच सुचवेन. या ट्यूनिंगची चढण तळाशी असते, गळ्याच्या भागात नसते, म्हणून ते आपल्या गाण्यालाही चालून जातं. फक्त वरचा मधला भाग काहींना जरा चढा वाटतो. तो ४ हजारला एक-दोन डेसिबल उतरवला की काम होतं.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. किती डेसिबलच्या फरकानं, ते लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीही कळत नाही. मोठ्या ड्रायव्हरचंही, म्हणजे आत आवाज काढणाऱ्या भागाचंही, तेच. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर ४० वाल्यापेक्षा चांगला बेस देईलच असं नाही.

विकत घेण्याआधी आणि घेतल्यावर

बेस कमी वाटला तर आधी बसवणूक तपासा. कानातल्या इअरफोनची रबरी टोपी सैल असली की बेस गळून जातो, मग तो दोनशेचा असो वा वीस हजारांचा. सोबत येणारे तिन्ही आकार लावून पाहा. डाव्या-उजव्या कानाला वेगळा आकार लागणं अगदी सामान्य आहे. मोठ्या हेडफोनचे कप बोटांनी हलकेच दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर फट राहते आहे. चष्म्याच्या काड्या हे तिचं नेहमीचं कारण. गाद्या झिजून चपट्या झाल्या की ट्यूनिंगच बदलतं. हेडफोन फेकण्याआधी गाद्या बदला.

लोकलमध्ये किंवा एसटीत ऐकणाऱ्यांना बेस कमी वाटतो तो गाडीच्या घरघरीमुळे. ती घरघर खालच्याच आवाजाची असते आणि बेसला झाकते. बेस वाढवून तिच्याशी झुंजलात तर नुकसान कानांचं होतं. इथे नॉइज कॅन्सलिंगचा खरा उपयोग आहे, कारण ते अशा सलग, खालच्या आवाजावरच सर्वांत चांगलं चालतं. घट्ट बसणारी साधी टोपीही बरीच मदत करते.

रात्री हळू आवाजात ऐकताना बेस पातळ होतो, तो कानाचा धर्म आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आवाज लहान केला की खालचे स्वर आपल्याला इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. अशा वेळी १०० हर्ट्झखाली दोन-तीन डेसिबलची भर योग्यच आहे. सकाळी ती काढून टाका.

इक्वलायझर वापरताना एक पथ्य पाळा. आजची बरीचशी गाणी डिजिटल मर्यादेच्या अगदी काठापर्यंत मोठी केलेली असतात. त्यावर ५ डेसिबल बेस चढवला की आवाज फाटतो आणि आपण दोष हेडफोनला देतो. जितकी भर, तितकाच प्रीअँप, म्हणजे इक्वलायझरमधली एकूण पातळी, खाली घ्या. अँड्रॉइडवर वेव्हलेट आणि विंडोजवर इक्वलायझर एपीओ या कामाला चांगले आहेत. सहा डेसिबलची भर म्हणजे त्या भागात चौपट वीज, हेही ध्यानात असू द्या. छोटे ड्रायव्हर तेवढ्यानं दमतात. शक्य तिथे वाढवण्यापेक्षा नको ते कमी करा. फोनमधलं ध्वनी-सुधारणेचं, हेडफोनच्या अ‍ॅपमधलं आणि गाण्याच्या अ‍ॅपमधलं, अशी तीन इक्वलायझरं एकदम चालू असतील तर दोन बंद करा.

कानांबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. बेसवाल्या हेडफोनवर शब्द ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला जातो, तेव्हा हे तास फार लवकर संपतात.

दुकानात जाताना तुमच्या रोजच्या ऐकण्यातली तीन ध्वनिमुद्रणं फोनमध्ये उतरवून न्या: एक नुसता गळा आणि तानपुरा, एक तबला ठळक असलेलं, एक तुमच्या आवडीचं मोठ्या वाद्यमेळाचं. विक्रेत्याचं गाणं ऐकू नका. दोन हेडफोन पडताळताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठा वाजतो तो नेहमीच चांगला वाटतो. वर्षानुवर्षं ‘व्ही’ आकाराचं ऐकलेल्या कानाला समतोल हेडफोन सुरुवातीला फिका लागेल, त्याला आठवडाभर वेळ द्या. आणि दोघांत निवड अडली, तर ज्यावर गळा खरा वाटतो तो घ्या. बेस एका पट्टीनं वाढवता-उतरवता येतो. एक ते पाच हजार हर्ट्झमधले बारीक खड्डे-उंचवटे घरी बसून दुरुस्त करणं फार अवघड असतं.